लसूणघास फुलतो, पण शेंगा का धरत नाही?

प्रश्न (फलटण): आरएल-८८ (लसूणघास या चारापिकाची जात) बियाण्यासाठी राखलाय. फूल भरपूर, शेंगा तुरळक. आठवड्याला पाणी, शिवाय युरिया दिलाय. कुठं चुकतंय?

उत्तर १: युरिया बंदच करा, पाणी लांबवा. पाला माजला की फूल गळतं. फुलोऱ्यात रान ताणावर हवं, पण झाडं सुकेपर्यंत नको.

उत्तर २: दादा, मधमाश्या येतात का ते आधी बघा. या फुलात केसर पाकळीत दाबून बसलेला असतो. माशीच्या वजनानं तो उसळतो, तेव्हाच शेंग धरते. म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक नकोच. जवळ मधमाश्यांच्या पेट्या ठेवा.

उत्तर ३: अमरवेल (घासावरच जगणारी परजीवी वेल) दिसली तर घासासकट उपटून जाळा, तिचं बी नंतर निवडणं फार अवघड. दोन तृतीयांश शेंगा तपकिरी झाल्या की सकाळी दवातच कापा, उन्हात बी झडतं. वळवाआधी उरका.