विश्वास नक्की कोणाचा?
काही जण म्हणतात की बायबलमधला येशू रोग्यांना बरं करतो ते रोग्याच्या अंतर्मनातल्या श्रद्धेमुळेच. १२ वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या बाईला ते लागू पडतं, ‘तुझ्या विश्वासाने तुला बरं केलंय’ असं तो तिला म्हणतोच. पण बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. कफर्णहूम गावात चौघे जण पक्षाघात झालेल्याला बाजेवर घालून आणतात. दारात ही गर्दी, म्हणून सरळ छप्पर उसकटून बाज खाली सोडतात. (घरमालकाचं काय झालं असेल!) तिथे येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. रोगी तोवर चकार शब्द बोललेला नाही. आमच्या मिरजेत दवाखान्याबाहेर डबे घेऊन बसलेले नातेवाईक पाहिले की मला ते चौघेच आठवतात. आणि १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढणारे वॉनलेस डॉक्टर मिशनरीच होते, पण हातात शस्त्रक्रियेची सुरीही होती.