ड्रुपलमधून टोकन काढायचंय, पण त्याच्या चौकटीवर टिकच होत नाही

बर्डीकर:
नागपूरच्या एका वाचनालयाची मराठी साइट ड्रुपल 10 वर (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) आहे. पाथऑटो (लेखांचे वेब-पत्ते आपोआप बनवणारं) आणि मेटाटॅग (सर्च इंजिनसाठी पानाची माहिती भरणारं) ही मॉड्यूल्स, म्हणजे जोडलेले भाग, आता नकोत, म्हणून त्यांना लागणारं टोकन मॉड्यूलही काढायचं आहे. अनइन्स्टॉलच्या पानावर टोकनची चौकट फिकट दिसते, खाली त्याच दोघांची नावं येतात. सरळ कंपोजर रिमूव्ह करून त्याच्या फाइलीच काढल्या तर? जुन्या लेखांचे पत्ते तुटायला नकोत.

धंतोली_देव:
कोड आधी उडवू नका भाऊ. मॉड्यूल चालू असल्याची नोंद डेटाबेसमध्ये तशीच राहते, फाइली मात्र नसतात. मग त्याचा अनइन्स्टॉलचा भागच चालत नाही आणि सेटिंग मागे लटकतात.

जे दुसऱ्यावर टेकलंय ते आधी काढा: पाथऑटो, मेटाटॅग, शेवटी टोकन. पाथऑटो गेलं तरी जुने पत्ते राहतात, ते कोअरकडे, म्हणजे मूळ ड्रुपलकडे, असतात. जातात ते पॅटर्न, म्हणजे पत्ता बनवायचे साचे. नव्या लेखाचा पत्ता हातानं भरावा लागेल.

खरा अडथळा मेटाटॅगचा. त्याचं फील्ड (माहितीचा रकाना) कुठल्याही कंटेंट टाइपला (लेखाच्या प्रकाराला) जोडलेलं असेल तर ते आधी डिलीट करावं लागतं, भरलेली माहितीही जाते. एवढं करूनही अनइन्स्टॉल अडतंच, कारण डेटा क्रॉनमधून (ठरावीक वेळानं आपोआप चालणारं काम) 50-50 च्या तुकडीनं साफ होतो. लेख जास्त असतील तर क्रॉन पुन्हापुन्हा चालवा.

महाल_वेब:
डेटाबेसचा बॅकअप घेऊनच हात लावा. कन्फर्मच्या पानावर डिलीट होणाऱ्या कॉन्फिगरेशनची यादी येते, ती नीट वाचा. कधीकधी त्यात अख्खा व्ह्यू (लेखांची यादी दाखवणारं पान) असतो. ड्रशनं (ड्रुपलच्या कमांड देणारं साधन) काढत असाल तर '-वाय' लावू नका, त्यानं प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' जातं. ड्रश टोकनवर टेकलेली सगळी मॉड्यूल्स सोबत काढतो आणि काढण्याआधी ती यादी 'काढू का?' या प्रश्नात दिसते.

लाइव्हवर दोन फेऱ्या करा. आधी टेस्ट साइटवर अनइन्स्टॉल, कॉन्फिग एक्स्पोर्ट (सेटिंग फाइलींत उतरवणं), मग गिटमध्ये कमिट. लाइव्हवर कॉन्फिग इम्पोर्ट केलं की तिथलं मॉड्यूल निघतं, आणि तेव्हा कोड जागेवर लागतोच. कंपोजर रिमूव्ह पुढच्या फेरीत.

बर्डीकर:
आमचं एक कस्टम मॉड्यूलही टोकन वापरतं, पण इन्फो फाइलमध्ये (मॉड्यूलला काय काय लागतं ते लिहिलेली फाइल) तशी नोंद नाही.

धंतोली_देव:
मग ड्रुपल तुम्हाला अडवणारच नाही, आणि धोका तिथेच आहे. नुसती 'टोकन' सर्व्हिस (कोडमधून वापरायची तयार सोय) वापरली असेल तर ती कोअरची आहे, काही बिघडत नाही. पण 'टोकन.एंटिटी_मॅपर' टोकन मॉड्यूलची आहे. ती सर्व्हिसेसच्या फाइलमध्ये मागितली असेल तर टोकन निघताच कंटेनर (सगळ्या सर्व्हिसेस जुळवणारा भाग) बनत नाही, साइटच बंद पडते. कस्टम फोल्डरमध्ये ग्रेप मारून (फाइलींत शब्द शोधून) ती ओळ आधी काढा.