कंपवाताच्या सुरुवातीलाच श्वासाची ताकद मोजावी का?

मूळ मत
कंपवाताचे निदान होताना थरथर, चाल आणि ताठरता बारकाईने तपासतात, पण श्वासाकडे धाप लागेपर्यंत कोणी वळत नाही. ही ताठरता हातापायांपुरती थांबत नाही. बरगड्यांमधले स्नायूही आखडतात, छाती पुरेशी फुलत नाही आणि स्पायरोमेट्रीचे (नळीत फुंकून फुप्फुसांची हवा मोजण्याच्या चाचणीचे) आकडे ठीक दिसत असतानाही श्वास ओढण्याचा व सोडण्याचा कमाल दाब घटलेला असू शकतो. हालचाल आधीच मंदावल्याने रुग्णाला धाप लागण्याची वेळच येत नाही, म्हणून तक्रारीची वाट पाहणे मला चुकीचे वाटते. हा दाब निदानाच्या वेळीच मोजून ठेवावा.

प्रतिसाद १
असहमत. ही तपासणी रुग्णाच्या जोरावर अवलंबून असते. ओठ नळीभोवती घट्ट मिटले नाहीत किंवा जोर लावायला उशीर झाला, तर स्नायू सशक्त असूनही आकडा कमी येतो. नुकत्याच निदानाने हादरलेल्या माणसाला असा संदिग्ध आकडा देऊन काय साधणार? त्यापेक्षा जेवताना ठसका लागतो का, आवाज बारीक झाला आहे का, हे विचारावे.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
ते विचारावेच. आकड्याबद्दलची शंकाही रास्त आहे, म्हणूनच चाचणी अनेकदा करून सर्वोत्तम नोंद धरतात. पण ठसका लागणे ही उशिराची खूण असू शकते. काही रुग्णांत अन्नाचा कण श्वासनलिकेत उतरला तरी खोकलाच येत नाही. पुढच्या टप्प्यांत न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरते, आणि कण बाहेर फेकायला उच्छ्वासाचा जोरच लागतो. स्प्रिंगची झडप असलेल्या लहान उपकरणात फुंकर मारण्याचा व्यायाम हा जोर वाढवतो. झडप किती घट्ट ठेवायची, हे मोजलेल्या दाबावरूनच ठरते.

प्रतिसाद २
व्यायामाच्या मुद्द्यावर मी आपल्या बाजूने आहे, सरसकट चाचणीच्या नाही. शिवाय एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे औषधाची वेळ. लेव्होडोपा या कंपवाताच्या मुख्य औषधाचा प्रभाव ओसरल्यावर काहींना श्वास अपुरा वाटतो, तर प्रभाव शिखरावर असताना अनैच्छिक हालचाली श्वासाच्या स्नायूंतही शिरून त्याची लय बिघडवू शकतात. घशाचे स्नायू थरथरत असतील, तर स्पायरोमेट्रीच्या आलेखाची रेषा करवतीसारखी दातेरी उमटते. ती दिसली की केवळ आकडा वाचून कागद बाजूला ठेवू नये. कोणाचीही चाचणी करा, पण शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे अहवालावर लिहिलेले नसेल तर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना कशाच्या आधारावर करणार?