मदत हवी आहे: डिगला नाव सापडतं, पिंगला नाही
मंडळी, डेबियन लिनक्सवर एक पेच पडलाय. आमच्या सर्व्हरचं नाव 'डेटा डॉट लोकल' आहे. डिगने (थेट डीएनएसला विचारणारी कमांड) विचारलं की डीएनएसकडून, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरकडून, बरोबर आयपी पत्ता लगेच येतो, पिंग (मशीन उत्तर देतं का ते पाहणारी कमांड) मात्र नाव ओळखतच नाही. नावं कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची ते ठरवणाऱ्या एनएसस्विच फाइलमधल्या होस्ट्सच्या ओळीत आधी फाइल्स, मग एमडीएनएस४ मिनिमल (एमडीएनएस म्हणजे स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांनाच नाव विचारणं), त्याला लागून चौकटी कंसात 'नॉटफाउंड = रिटर्न' (सापडलं नाही तर तिथेच थांब) आणि शेवटी डीएनएस असा क्रम आहे. म्हणजे डॉट लोकलचा शोध एमडीएनएसपाशीच अडतो, असा माझा अंदाज. मशीनवरच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावं आणि आयपींची यादी) नोंद टाकली की काम होतं, पण आयपी बदलला की प्रत्येक मशीनवर तेच पुन्हा करायचं, हे काही खरं नाही.

डीएनएस एमडीएनएसच्या आधी आणलं तर नेटवर्कवरचे प्रिंटर सापडण्यात अडचण येईल का? की डोमेनच बदलणं बरं? कोणी हे निस्तरलं असेल तर कृपया सांगा.