डिस्कव्हरी ४ रोज सकाळी पोट टेकून बसलेली असते – साडेपाच लाख घालू की विकू?

हेदवीवाला

नमस्कार मंडळी. गाडी लँड रोव्हरची डिस्कव्हरी ४, २०११ ची, तीन लिटर व्ही६ डिझेल, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. एक लाख अठरा हजार किलोमीटर. मूळची दिल्लीची. तेव्हा तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी होती, म्हणून एनओसीवर स्वस्तात इकडे आली आणि टॅक्स भरून एमएच ०८ झाली.

हेदवीजवळ आमचा होमस्टे आहे. चिपळूण स्टेशनवरून पाहुणे आणणं, हंगामात आंब्याच्या पेट्या, आणि दापोलीकडे कुणाला जायचं असलं की धोपाव्याची फेरीबोट. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत चिऱ्याची उभी चढण आहे. पावसात तिथे दुसरं काही चढत नाही, ही चढते. म्हणूनच जीव अडकलाय.

आता रडगाणं. ही लोखंडी स्प्रिंगवर नाही, हवेच्या स्प्रिंगवर उभी असते, आणि ती हवा कॉम्प्रेसर भरतो. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी खाली बसलेली असते. सुरू केली की उठायला वेळ लावते, मागच्या डाव्या बाजूने कॉम्प्रेसर घरघरत राहतो. परवा कुंभार्ली घाटात ‘सस्पेन्शन फॉल्ट, फक्त नॉर्मल उंची’ असा मेसेज आला, तो गेलाच नाही. कॉम्प्रेसर दोन वर्षांपूर्वीच नवा टाकलाय. पुण्याच्या एका वर्कशॉपने (नाव घेत नाही, उगाच वाद नको) कागद हातात ठेवला: नवा कॉम्प्रेसर, पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (हवेच्या स्प्रिंगचे खांब), खालचे आर्म (चाक गाडीला धरून ठेवणारे), पार्किंग ब्रेकची मोटर, टायमिंग बेल्ट. एकूण साडेपाच लाखांच्या घरात. बेल्ट आधी कधी बदलले याची नोंद दिल्लीवाल्याने दिलेल्या फायलीत नाही. विम्याला विचारलं, झिजेचे पैसे मिळत नाहीत म्हणाले, ते अपेक्षितच होतं.

बाबांचं म्हणणं, हे साडेपाच लाख आणि विकून येतील ते, यात नवी बोलेरो येते. कुणाकडे अशी गाडी असेल तर खरं काय ते सांगा.

कुडाळी

इकून टाक बाबा. हत्ती पोसूक राजो होयो, आपण आंबे इकणारी माणसां. माझ्या मेव्हण्यान अशीच एक जर्मन गाडी घेतल्यान. आता ती फणसाखाली उभी आसा आणि कोंबडी तिच्यात अंडी घालता.

जुना चीफ

हेदवीवाले, काही करा, पण कॉम्प्रेसर आत्ता बदलू नका.

माझा जन्म जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेला. आता दापोलीत असतो, दारात तुमच्या गाडीची मोठी बहीण आहे, डिस्कव्हरी ३, २.७ ची. जहाजाचं मुख्य इंजिन सुरू होतं ते दाबाच्या हवेवर. हवेच्या बाटल्या भरणारा कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त वेळ चालायला लागला, की त्याला हात लावायच्या आधी लाइन तपासायची, हे पोरांना पहिल्याच सफरीत शिकवतात. दोन वर्षांत नवा कॉम्प्रेसर थकतो तेव्हा हवा कुठून तरी जात असते. तो भरत बसतो, तापतो, तापला की कंट्रोल युनिट त्याला थांबवतं आणि घाटात तुम्हाला तो मेसेज दिसतो. स्कॅनर लावणाऱ्याला विचारा, सी१ए२० हा बिघाडाचा कोड आहे का. त्याचा अर्थ इतकाच, की हवेच्या टाकीत दाब हव्या त्या वेगाने चढत नाही. कुठला भाग गेला हे कोड सांगत नाही, बिल करणारा सांगतो.

गळती शोधायची कशी ते लिहितो, कारण इथेच बहुतेकांचे पैसे जातात. ही गाडी उभी असतानाही झोपत नाही. दर काही तासांनी जागी होऊन चारी कोपरे मोजते, आणि एक कोपरा खाली गेला असेल तर बाकीचे तीन मुद्दाम त्याच्याबरोबर उतरवते. त्यामुळे सकाळी सगळीच गाडी बसलेली दिसते आणि वर्कशॉपवाला म्हणतो, ‘सगळंच गेलंय हो.’ संध्याकाळी सपाट जागी उभी करा, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवा, मग सस्पेन्शनचा फ्यूज काढा. कुठला, ते मॅन्युअलमध्ये आहे. आता तिला जागं होता येणार नाही. सकाळी परत मोजा. जो कोपरा खाली तो चोर. चारही जागच्या जागी असतील तर गळती टाकीकडे किंवा कॉम्प्रेसरजवळच्या जोडांत बघायची.

कोपरा सापडला की भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी आणि रंगाचा जुना ब्रश. आधी नळीचे जोड, मग स्ट्रटचं वरचं टोक, मग रबराच्या घड्या. घड्यांत आपली बारीक वाळू बसते आणि कानशीसारखी घासत राहते. घाई करू नका, छोट्या गळतीचा फुगा यायला वेळ लागतो. आणि एक सक्त ताकीद: चेसिसखाली स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. नळी सुटली तर अडीच टन धातू तुमची वाट बघत थांबत नाही.

गळती बंद झाल्यावरही कॉम्प्रेसर दमलेला वाटला तर त्याचा ड्रायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषणारा भाग, उघडा. आतले दाणे ओले होऊन पांढरी पूड झाली असेल तर ती पूड व्हॉल्व्हमध्ये गेलेली असते. कॉम्प्रेसरचा रिले (त्याला चालू-बंद करणारा विजेचा स्विच) मात्र काही झालं तरी बदला, स्वस्त असतो. जुना रिले चिकटून राहिला की कॉम्प्रेसर बंदच होत नाही आणि नवाकोराही जळतो. मागच्या वेळी तुमचा रिले बदलला होता का? पैजेवर सांगतो, बिलात नसणार.

तुमच्या साडेपाच लाखांतली मला पटलेली ओळ शेवटची, आणि ती त्यांनी तळाला लिहिलीय. गाडी बसली तर पाहुणे हसतील. बेल्ट तुटला तर इंजिन गेलं. पट्टे दोन आहेत, पुढे टायमिंगचा आणि मागे डिझेलच्या हाय प्रेशर पंपाचा. मागचा हाताला सहज लागत नाही म्हणून पुष्कळजण तो ‘पुढच्या वेळी’ म्हणून सोडतात. किलोमीटर कमी आहेत यावर जाऊ नका, रबर वयानेही जातं. या इंजिन-कुळातल्या सुरुवातीच्या गाड्यांत पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट ज्या ऑइल पंपाच्या अंगात बसतो तिथे तडा जायचे प्रकार झालेत, तेव्हा समोरचं उघडलंच आहे तर पंपही बघून घ्या.

आणि तीन लिटरच्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचं, तुम्ही वाचलं असेलच. मेन बेअरिंग फिरतं, मग क्रँक तुटतो. असं प्रत्येक गाडीत होत नाही, पण झालं तर इंजिनच बदलावं लागतं. त्यावर हातात असलेला उपाय ऑइल. पुस्तकातल्या लांब मुदतीची वाट बघू नका, आठ-दहा हजारांना बदला. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उन्हात उलगडून बघा. जरीसारखं काही चमकलं तर त्या दिवशीच विक्रीची जाहिरात द्या, आणि घेणाऱ्याला ते सांगा.

उद्यमनगरी

चीफ काकांना दंडवत. मी कोल्हापूरचा, लेथवाला. आर्मबद्दल सांगतो. त्यातला रबरी बुश दाबून बदलून मिळतो आमच्याकडं, पण तुमच्याकडच्या गाड्यांत खरी भानगड बोल्टची. खारट हवेनं बोल्ट बुशाच्या लोखंडी नळीत असा धरतो की हातोड्यानं हलत नाही, ग्राइंडरनं कापावाच लागतो. बोल्ट, नट आधी मागवून ठेवा, नाहीतर गाडी रॅम्पवर आणि तुम्ही लॉजवर. बॉल जॉइंटही ढिला असेल तर अख्खा आर्मच घ्या, मजुरी दोनदा द्यायला नको. बसवताना शेवटचा आवळा गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीला असताना. लटकत्या चाकावर आवळला की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षात फाटतो. हे मेकॅनिकला समोर उभं राहून सांगा. आंबा घाट चढून आलात तर चहा आमच्याकडं.

वसईकर७४

एवढा खटाटोप कशाला? हवेचं काढून टाका, लोखंडी स्प्रिंग टाका. किट मिळतात. एकदाच खर्च, कटकट गेली.

हेदवीवाला

वसईकर, तेही मनात आलं होतं. पण ओहोटीला धोपाव्याच्या जेटीवर बोटीची फळी इतकी तिरकी होते की गाडी उचलून घेतल्याशिवाय पुढचा बंपर घासतो. आणि घरी आल्यावर आजीला बसता-उतरता यावं म्हणून तीच गाडी खाली करतो. स्प्रिंग टाकून ही दोन्ही कामं गेली तर मग बोलेरो काय वाईट?

चीफ काका, बिल काढून बघितलं. रिले नाही.

अलिबागची सई

विकायचा विचार असेल तर दोन गोष्टी. आमची अशीच गाडी गेल्या वर्षी विकली. पहिली, पंधरा वर्षांची मुदत. तुमची २०११ ची म्हणजे २०२६ ला आरसी नूतनीकरण. साध्या मोटारीला २०२२ पासून पाच हजार फी आहे, पण आयात गाडीला चाळीस हजार. फिटनेस आणि पर्यावरण कर वेगळा. घेणारा हे सगळं तुमच्या किमतीतून वजा करतो, तेव्हा मुदत जवळ आल्यावर विकण्यात मजा नाही. एक तर आत्ता, नाहीतर नूतनीकरण करून.

दुसरी, एमएच ०८ पाहिलं की फोनवर पहिला प्रश्न ‘चिपळूणच्या पुरातली नाही ना?’ २२ जुलै २०२१ ला तुमची गाडी दिल्लीत होती हे दाखवणारे कागद जपून ठेवा, सर्व्हिसचं बिल, पीयूसी, काहीही. भावात फरक पडतो.

आम्ही विकली त्याचं कारण पैसे नव्हते. यांना रोज सकाळी गाडीभोवती फेरी मारून चाकं बघायची सवय लागली होती. मला ते बघवेना.

जुना चीफ

सईताई, ती फेरी मी अजून मारतो. आमच्या हिनेही आशा सोडली आहे.

हेदवीवाले, पार्किंग ब्रेकबद्दल राहिलं. सोडताना किंचाळतो ना? मोटर बदलायच्या आधी मागच्या डिस्क काढायला लावा. हा ब्रेक डिस्कच्या आतल्या छोट्या ड्रममध्ये आहे, तिथे तुमच्या चढणीची तांबडी माती भरून घट्ट बसलेली असेल. साफ करून शू पुस्तकाप्रमाणे अ‍ॅडजस्ट केले की बहुतेक वेळा मोटर गुपचूप काम करू लागते. मातीशी झुंजूनच ती बिचारी मरते.

आणि फेरीवरून आलात की खालून गोड्या पाण्याने धुवा, डाव्या मागच्या चाकाच्या पुढे कॉम्प्रेसरचं झाकण आहे तिथे विशेष. तुमची विहीर खाडीला लागून असेल आणि पाणी मचूळ असेल तर त्याने धुतलेलं न धुतल्यासारखंच. पाहुणे ‘समुद्रावर घेऊन चला’ म्हणतील, त्यांना चालत न्या.

हेदवीवाला

फ्यूज काढून ठेवला होता. तीन कोपरे जागच्या जागी, पुढचा उजवा साडेचार सेंटिमीटर खाली. स्ट्रट आतून ओला वगैरे काही नाही, रबरावर साबण लावून बराच वेळ बसलो, एक फुगा नाही. मग वर, जिथे नळी स्ट्रटमध्ये शिरते त्या जोडावर ब्रश टेकवला आणि मोहरीएवढे फुगे एकामागून एक. भाचा टॉर्च धरून उभा होता, तो ओरडलाच.

वर्कशॉपला फोन केला. ते म्हणतात जोड वेगळा मिळत नाही, स्ट्रटच घ्यावा लागेल. खरं का?

जुना चीफ

नाही. पुढे-मागे गाडी हलू नये म्हणून चाकांना दगड लावा, त्या कोपऱ्यातली हवा स्कॅनरने पूर्ण सोडायला लावा, मगच जोड उघडा. नळीच्या टोकावर जुन्या पकडीची खाच पडलेली असते, तिथूनच हवा जाते. तेवढं टोक धारदार ब्लेडने काटकोनात कापा, पक्कड वापरू नका, नळी चपटी होते. नळीला थोडी ढील असते, तेवढं कापलेलं चालतं. नवी पकड आणि जोड सुटे मिळतात, पुण्या-मुंबईत न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानात नळीचा तुकडा दाखवून मापाने घ्या. मग रिले. मग चार दिवस वापरून कॉम्प्रेसर किती वेळ चालतो ते बघा.

उद्यमनगरी

जोड मी पाठवतो. नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून मेसेज करा, फूटपट्टीनं नको.

हेदवीवाला

सहा मिलिमीटर भरला. पत्ता मेसेज केलाय. स्ट्रट आणि कॉम्प्रेसर कागदावरून खोडले, आर्म दिवाळीनंतर. बेल्ट मात्र दोन्ही, ऑइल पंपासकट, पाऊस लागायच्या आत. त्याचं वेगळं कोटेशन मागवलंय, मागचा पट्टा त्यात स्वतंत्र ओळीत लिहून द्या असं सांगितलंय. बाबांना अजून बोललो नाही. ते सध्या बोलेरोच्या शोरूमला जाऊन आलेत आणि रंग निवडतायत.