केमनसाठी पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म): टीपीयू की टीपीएच? पूर्ण गाडी की फक्त माराचे भाग? (नाशिक)

गंगापूररोड_७१८

नमस्कार मंडळी. गाडी पोर्शे ७१८ केमन, लाल, तीन वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली. रंग एकंदरीत चांगला आहे, पण पुढच्या बंपरवर आणि मागच्या चाकांच्या अलीकडे खडीचे बारीक टवके दिसायला लागलेत. गाडी मुख्यतः सुट्टीच्या दिवशी निघते, घोटी-कसारा मार्गे मुंबई नाहीतर दिंडोरी-वणी. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातही जिकडेतिकडे खडी आहे, म्हणून फिल्म लावायचं पक्कं केलंय.

तीन दर मिळाले (टीपीएच आणि टीपीयू ही फिल्मच्या प्लास्टिकची नावं). पहिला, पूर्ण गाडी टीपीएच, ७२ हजार, ५ वर्षं वॉरंटी. दुसरा, पूर्ण गाडी टीपीयू, १ लाख ९० हजार, १० वर्षं वॉरंटी. तिसरा म्हणतो फिल्म कशाला, सिरॅमिक कोटिंग करा, ३० हजारांत काम होईल.

टीपीएच आणि टीपीयूमध्ये खरोखर एवढा फरक आहे का? पूर्ण गाडी करावी की ठरावीक भाग? आणि पुढचा बंपर आधी रंगवलेला असावा अशी शंका आहे, त्याने काही अडतं का?

फिल्म_आणि_ब्लेड

सिरॅमिकचा विषय आधी संपवतो. तो थर साधारण १-२ मायक्रॉनचा असतो. पाणी घसरतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, पण खडी अडत नाही. कंपनीच्या रंगाची प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंतची (सगळ्यात वरचा पारदर्शक थर) एकूण जाडीच साधारण १००-१४० मायक्रॉन असते. चांगली फिल्म १७०-२०० मायक्रॉनची, म्हणजे सगळ्या रंगापेक्षा जाड, आणि मुख्य म्हणजे लवचिक. दगडाचा मार ती दबून पसरवते. दोन्ही वेगळ्या कामाच्या वस्तू आहेत.

आता टीपीएच. नाव टीपीयूसारखं (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन) ठेवलंय, पण ते मुळात मऊ केलेलं पीव्हीसी आहे. ते मऊ ठेवणारं द्रव्य उन्हात हळूहळू निघून जातं, मग फिल्म आकसते, कडा सुटतात, ठिसूळ होते. काढायला गेलं की नखाएवढे तुकडे निघतात आणि गोंद गाडीवरच राहतो. लाल रंगावर पिवळेपणा पांढऱ्यापेक्षा कमी दिसेल, आकसणं मात्र कुठल्याही रंगावर तेवढंच. टीपीयूमध्येही अॅलिफॅटिक आणि अॅरोमॅटिक असे दोन प्रकार असतात. अॅरोमॅटिक उन्हात पिवळं पडतं. गाडीसाठी अॅलिफॅटिकच हवं, ते डेटाशीटवर लिहिलेलं असतं, मागून घ्या.

दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. हातभर तुकडा मागा आणि घरी ही चाचणी करा. वायरिंगच्या तांब्याच्या तारेचं प्लास्टिक ५-६ सेंमी पूर्ण सोला (ते प्लास्टिकही पीव्हीसीच असतं, कण राहिला तर निकाल चुकेल). तार पकडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. ज्योतीत हिरवी झाक दिसत असेल तर ती जाईपर्यंत थांबा. मग गरम टोक फिल्मला टेकवून थोडं वितळलेलं प्लास्टिक तारेवर घ्या आणि टोक परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवीगार झाली म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी, म्हणजे टीपीएच. टीपीयूमध्ये क्लोरीन नसतं, त्यामुळे हिरवा रंग येत नाही. तुकडा अगदी छोटा घ्या आणि हे गच्चीत किंवा गॅलरीत करा, तो धूर छातीला वाईट.

जाडीतही खेळ होतो. १ मिल म्हणजे २५.४ मायक्रॉन, ८ मिल म्हणजे २०० च्या आसपास. काही जण वरची संरक्षक शीट आणि खालचा लायनर (गोंद झाकणारा थर) धरून आकडा सांगतात, आणि हे दोन्ही लावताना फेकूनच दिले जातात. सॅम्पलवरचे दोन्ही काढा, चिकट बाजूला साधा कागद लावा, मायक्रोमीटरने मोजा आणि कागदाची जाडी वजा करा. अंबड-सातपूरला कुठल्याही टूलरूममध्ये मायक्रोमीटर मिळेल.

अंबड_पेंटबूथ

बंपरची शंका सगळ्यात आधी सोडवा, कारण फिल्म लावण्यापेक्षा ती काढताना हे प्रकरण बाहेर येतं. कंपनीचा रंग चढा तापमान देऊन भाजलेला असतो, त्याची पकड मजबूत. गॅरेजमध्ये रंगवलेल्या प्लास्टिकवर अॅधेजन प्रमोटर (रंगाची पकड वाढवणारा थर) नीट मारला नसेल किंवा जुना रंग पुरेसा घासला नसेल, तर फिल्मचा गोंद रंगापेक्षा जास्त धरतो आणि ओढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो. लावतानाही हे होऊ शकतं, कारण जागा जमवायला फिल्म दोन-तीनदा उचलून परत बसवावी लागते.

इथे एक अडचण आहे. रंगाची जाडी मोजणारं साधं यंत्र फक्त धातूवर चालतं, प्लास्टिक बंपरवर ते काहीच दाखवत नाही. तुमच्या गाडीचं बॉनेट आणि दारं अॅल्युमिनियमची, म्हणजे फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त यंत्रही तिथे निरुपयोगी. लोखंड आणि अॅल्युमिनियम दोन्ही मोजणारं यंत्र असलेलं दुकान निवडा आणि प्रत्येक पॅनलची नोंद लेखी घ्या. १००-१४० च्या जागी अचानक २५०-३०० दिसलं तर ते पॅनल पुन्हा रंगवलेलं आहे.

बंपरसाठी डोळे वापरा. फॉग लॅम्पच्या आणि जाळीच्या खाचांत कडेला रंगाची उठलेली रेघ, टेप लावल्याची खूण किंवा आतल्या बाजूला उडालेला रंग दिसतो का बघा. बंपर आणि फेंडरचा पोत शेजारी शेजारी ठेवून पाहा, एक संत्र्याच्या सालीसारखा आणि दुसरा सपाट असेल तर हात फिरलेला आहे. मग लपलेल्या जागी फिल्मचा तळहाताएवढा तुकडा लावा, २४ तास राहू द्या, कोमट करून काढा. रंग हलला नाही तर पुढे जा. हलला तर बंपर नीट रंगवून घ्या आणि निदान महिनाभर थांबा. ताज्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडत असतं. वर फिल्म बसली की ते अडकतं आणि फोड येतात.

कंपनीनेच मागच्या मडगार्डच्या पुढच्या भागावर पारदर्शक पट्टी लावलेली आहे का तेही तपासा. असेल तर ती आधी काढा. जुन्या फिल्मवर नवी लावली की कड उठून दिसते.

फिल्म_आणि_ब्लेड

पूर्ण गाडी की भाग, यावर माझं मत स्पष्ट आहे. १ लाख ९० हजार सहज परवडत असतील तर पूर्ण करा. पण बजेट आखडतं असेल तर टीपीएचने पूर्ण गाडी झाकण्यापेक्षा टीपीयूने माराचे भाग झाकणं केव्हाही शहाणपणाचं.

केमनसारख्या गाडीत मार कुठे बसतो ते बघा. पुढचा बंपर, बॉनेट, दोन्ही फेंडर, आरसे, काचेच्या बाजूचे खांब, हे सगळ्याच गाड्यांचं. पण इथे टायर रुंद आणि चिकट असतात. पुढची चाकं खडी उचलून स्वतःच्याच गाडीच्या कुशीवर मारतात. म्हणून दारांखालची पट्टी, दारामागच्या हवा ओढणाऱ्या खाचा आणि मागच्या मडगार्डचा पुढचा फुगवटा हे बॉनेटइतकेच महत्त्वाचे. टवके तुम्हाला नेमके तिथेच दिसलेत. त्यात दारांच्या हँडलमागचे खळगे आणि सामान चढवायची कड जोडा. छत, दारांचा वरचा भाग आणि मागचं झाकण सिरॅमिकवर राहू द्या.

बॉनेट मात्र पूर्णच झाकायचं. अर्ध्यावर फिल्म सोडली की आडवी रेघ राहते, तिच्यात धूळ आणि पॉलिश भरतं आणि लाल रंगावर ती काळपट दिसते. रोल १.५२ मीटर रुंद असतो, बॉनेट एका तुकड्यात बसतं, जोड द्यायची गरज नाही. पूर्ण गाडीला साधारण १५ मीटरचा एक रोल लागतो. कोणी १० मीटरमध्ये पूर्ण गाडी करतो म्हणाला तर विचारा की जोड कुठे कुठे येणार.

लावणाऱ्याला विचारायचा मुख्य प्रश्न एकच: कापणार कुठे? प्लॉटरवर (संगणकाने चालणारं कापायचं यंत्र) आधी कापून आणलेली फिल्म असेल तर रंगावर ब्लेड लागत नाही, पण कडा पॅनलच्या १-२ मिमी आत संपतात. गाडीवर ठेवून हाताने कापली तर कडा आत दुमडता येतात, दिसायला सुंदर, पण हात जरा जड पडला की क्लिअर कोट चिरतो. ती चीर फिल्म काढेपर्यंत दिसतही नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे प्लॉटरवर कडेला ५-१० मिमी जास्त ठेवून कापणं आणि ते आत दुमडणं.

तयारीही बघून घ्या. धुणं, लोखंडी कण काढणारं द्रव, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढणारा मातीसारखा गोळा), गरज असेल तेवढंच पॉलिश, मग अल्कोहोलने पुसणं. फिल्मखाली राहिलेला ओरखडा वर्षानुवर्षं तसाच दिसत राहतो. फिल्म सरकवायला १ लिटर पाण्यात बेबी शॅम्पूचे ३-४ थेंब पुरतात. ते पाणी आरओचं किंवा गाळलेलं हवं. बोअरच्या पाण्यातले क्षार आणि कण फिल्मखाली कायमचे बसतात. जिथे लगेच चिकटायला हवं त्या कडांना १०-२० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पाणी. शॅम्पू जास्त झाला तर गोंद धरत नाही आणि आठवड्याभरात कडा उठतात. बंपरच्या कोपऱ्यावर फिल्म जास्त ताणली तर गोंदात चंदेरी रेषा पडतात, त्या जात नाहीत.

गाडी ताब्यात घेताना टॉर्च तिरपा धरून प्रत्येक पॅनल बघा. पाण्याचे फुगे दोन-चार आठवड्यांत आपोआप जातात, पावसाळ्यात थोडा जास्त वेळ लागतो. केस, धूळ, बोटांचे ठसे, हवेचे फुगे आणि ताणाच्या रेषा जात नाहीत. त्यांच्यासाठी तो तुकडा बदलून मागायचा.

द्राक्षपट्टा_निफाड

दिंडोरी-वणी फिरणार म्हणून सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर थंडीभर द्राक्षबागांत ब्लोअरने फवारण्या चालतात आणि वाऱ्याने ते रस्त्यापर्यंत येतं. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. वाळलं की निळसर पांढरे ठिपके राहतात. कोरड्या कापडाने पुसू नका, त्यातले कण वरच्या थरावर ओरखडे पाडतात. त्याच दिवशी भरपूर पाण्याने भिजवा, मग पीएच न्यूट्रल शॅम्पूने धुवा. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तसंच, फिल्म असली तरी उन्हात राहिली की डाग आत उतरतो.

बोअरच्या पाण्याने धुऊन गाडी उन्हात वाळवली की क्षारांचे गोल डाग पडतात. ताजे असतील तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, मिनिटभर ठेवून धुवायचं, निघतात. जुने झाले की अवघड.

फिल्म लावून घ्यायची वेळही बघा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा फार खाली जातो. थंड शेडमध्ये फिल्म कडक होते, वळणावर नीट बसत नाही. बंद, धूळ नसलेली, २०-२८ अंशांची खोली असेल तर महिना कुठलाही चालेल.

गंगापूररोड_७१८

मनापासून आभार. टीपीयू, माराचे भाग, असं ठरवलं. दोन गोष्टी राहिल्या. १० वर्षं वॉरंटीत नेमकं काय मिळतं? आणि हेडलाइटवर हलकी काळी फिल्म लावली तर चालेल का?

फिल्म_आणि_ब्लेड

वॉरंटी साधारणपणे पिवळं पडणं, तडकणं आणि थर सुटणं यांची असते. दगडाने फिल्म फाटली तर ती त्यात येत नाही. फिल्म बदलायची मजुरी कोण देणार हे लेखी घ्या. एक्सपेल, ३एम, सनटेक, किंवा आपल्या छत्रपती संभाजीनगरची गरवारे, नाव कुठलंही असो, रोल तुमच्यासमोर उघडायला सांगा, खोक्यावरचा सिरीयल क्रमांक टिपा आणि तो तुमच्या चासी क्रमांकासह कंपनीकडे नोंदवला गेला का ते स्वतः तपासा. बिलावर फिल्मचं मॉडेल, पॅनलची यादी आणि सिरीयल क्रमांक तिन्ही हवेत. नुसतं 'पीपीएफ काम' लिहिलेल्या बिलावर दावा चालत नाही.

‘सेल्फ हीलिंग’ फक्त वरच्या थरातल्या बारीक ओरखड्यांना लागू. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात ते आपोआप भरतात, एरवी गरम पाणी ओता. ब्लेडचा किंवा किल्लीचा खोल चरा भरत नाही.

हेडलाइटवर पारदर्शकच लावा. काळ्या फिल्मने उजेड कमी होतो, कसाऱ्याच्या धुक्यात ते धोक्याचं आहे आणि पोलीसही अडवतील. पहिला आठवडा गाडी धुवायची नाही, दोन दिवस हायवेला न्यायची नाही. पुढे वॉशिंग सेंटरला प्रेशर गन निदान दोन फूट लांब आणि कडेला समांतर धरायला सांगा. कडेच्या समोरून मारली की पाणी आत शिरतं आणि चांगली बसलेली फिल्मही उचलली जाते.

अंबड_पेंटबूथ

बंपरच्या तुकड्याची चाचणी झाल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका. फिल्म एकदा रोलवरून कापली की दुकानदार पैसे परत करत नाही.