जिप्सीची पुढची चाकं ५५ ला फडफडतात, डँपर बदलूनही तेच

जिप्सीवाला९२
मंडळी, गाडी १९९२ ची सॉफ्ट टॉप जिप्सी. ५० पर्यंत लोण्यासारखी. ५५ च्या आसपास खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की स्टिअरिंग हातात नाचायला लागतं, पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडतात, वेग ३० च्या खाली आला की मगच थांबतात. गेल्या रविवारी गगनबावड्याला जाताना कळ्याच्या पुढं झालं. मागं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांसकट. बायको त्या दिवसापासून गाडीत बसत नाही. बॅलन्सिंग दोनदा केलं, अलाइनमेंट केलं, स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा दांडा) नवा टाकला. आठवडाभर बरं, परत तेच. आता गॅरेजवाला म्हणतोय स्टिअरिंग बॉक्स बदल. बदलू का?

ग्रीसकाका
थांब भावा, बॉक्सला हात लावू नको. डँपर टाकल्यावर आठवडाभर बरं वाटलं म्हणालास ना, मग ढिलाई दुसरीकडं हाय, डँपर ती नुसती दाबून धरत होता.

मागच्या चाकांना दगड लाव, पुढचं एक चाक जॅकवर घे. घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं हात धरून चाक हलव. प्ले, म्हणजे ढिलाई, लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून बसव आणि परत हलव. ब्रेकनं प्ले गेला तर चाकाचं बेरिंग. तसाच राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक डावी-उजवीकडं ज्यावर वळतं ती खुंटी. ब्रेक दाबला की चाक आणि नकल (चाक धरून किंगपिनवर वळणारा भाग) एक होतात, मग हलायला किंगपिनच उरतो. नंतर नऊ-तीनला धरून बघ, तिथं खटखट आली तर टायरॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याचा सांधा.

आणि एक सांग, चाकाच्या आतल्या बाजूनं काळपट पातळ तेल ओघळलंय का? गाडी कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात होती का?

पन्हाळ्याचं पोरगं
आमच्या गाडीला पुढच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश गेलेले, लक्षणं सेम. ते पण बघा. बाकी ब्रेक दाबायला वहिनींनाच बसवा, तेवढंच गाडीत बसणं होईल :)

जिप्सीवाला९२
काका, कसं ओळखलंत? पुरात अडीच दिवस दारातच होती, पाणी बंपरच्या वर. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळ्याचं तेल तेव्हाच बदललं. नकल मात्र कुणी उघडलेच नाहीत. ब्रेक आईनं दाबला. उजवीकडं प्ले तसाच, आणि टायरला आतून तेलाचा ओघळ.

ग्रीसकाका
मग विषयच संपला. वरचा आणि खालचा किंगपिन चार-चार बोल्टवर असतो. काढताना शिमा (पातळ पत्र्याच्या चकत्या) वरच्या कुठल्या, खालच्या कुठल्या, खुणा करून वेगळ्या ठेव. मिस्त्री एका डब्यात टाकून मोकळे होतात आणि मग आपण बोंबलत बसतो. बेरिंग कपासकट (रोलर ज्यात फिरतात त्या बाहेरच्या कड्यासकट) बदल, जुन्या कपात नवं बेरिंग बसवून दिलं तर घेऊ नको. अ‍ॅक्सलचं सील पण टाक, डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरून ग्रीस पातळ करतंय. दोन्ही बाजू एकदमच कर. शिम कमी केली की बेरिंग घट्ट होतं. टायरॉड सुटा असताना नकल हातानं फिरवून बघ, जरा जड पण सलग फिरला पाहिजे.

जिप्सीवाला९२
झालं काम. उद्यमनगरात दोन दिवस गेले. उजवीकडच्या खालच्या कपात रोलरचे ठसे रांगेनं उमटलेले, नख फिरवलं तर अडकत होतं. ग्रीसच्या जागी तांबूस चिखल. स्टिअरिंग सरळ करताना मध्येच खाचेत बसल्यासारखं व्हायचं ते यामुळंच. काल मुद्दाम डँपर काढून बालिंग्याच्या पुलावरून ६० नं गेलो, काही नाही. फक्त स्टिअरिंग जड झालंय, वळणावरून पटकन सरळ येत नाही.

ग्रीसकाका
डँपर पहिला परत लाव. नवं बेरिंग हाय, हजार किलोमीटर चालव आणि पुन्हा बारा-सहाला धरून बघ. तरी जडच वाटलं तर एक पातळ शिम वाढव. पाट्यांचे बुश बघितलेस का?

जिप्सीवाला९२
नाही. उद्या बघतो.